सव्वा लाख बायकांची साक्ष आणि मुरुमचा दवाखाना

कर्करोगावरील नव्या संशोधनाच्या बातम्या हल्ली वृत्तपत्रांत जवळजवळ रोज येतात. यंत्रमानवाच्या हातांनी होणारी शस्त्रक्रिया, लाखालाखांची इंजेक्शने, पेशींत फेरफार करून दिलेले उपचार, असे बरेच काही त्यांत असते. त्या वाचून उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावच्या वाचकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे, की ज्ञान कोठे तरी अमेरिकेत, फार तर मुंबईत परळला जन्मते आणि मग पैसा असेल त्याच्यापर्यंत पाझरत येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. गेल्या पाव शतकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी जे निर्णायक ज्ञान जगाला मिळाले, त्यातील फार मोलाचा भाग मुरुम ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी बायकांनी दिलेला आहे. तो त्यांना परत मिळाला का, हा खरा राजकीय प्रश्न आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी तो डॉक्टरांवर सोपवून मोकळे होऊ नये.

१९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक चाचणीप्रयोग सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा तिघांनी मिळून तो चालविला. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानचा होता. बार्शीची निवड अपघाताने झालेली नव्हती. १९८७ पासून तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील खेड्यांत कोणाला कर्करोग झाला, केव्हा कळला आणि पुढे काय झाले, याची नोंद कार्यकर्ते गावोगाव हिंडून ठेवीत होते. ज्या देशात खेड्यातल्या बाईच्या मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याचीच पद्धत नव्हती, तेथे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले हे काम एखाद्या मोठ्या शोधाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. या नोंदणीने दाखविले की या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे, आणि बाई रुग्णालयात पोचते ती बहुधा उशिरा.

प्रयोगाची रचना समजण्यास सोपी आहे. जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडण्यात आले. त्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया निवडल्या गेल्या आणि हे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले गेले. एका भागातील बायकांची गर्भाशयमुखावरील विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, चाचणी एकदाच झाली. दुसऱ्या भागात पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला. तिसऱ्यात परिचारिकेने पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली. चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांची कोणतीच चाचणी झाली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली गेली आणि नेहमीची सेवा जी काय होती ती चालू राहिली. त्यानंतर आठ वर्षे या सर्व बायकांवर लक्ष ठेवण्यात आले.

२००९ च्या एप्रिल महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. काहीच चाचणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. पसरलेल्या अवस्थेत रोग सापडण्याचे प्रमाणही निम्म्याहून खाली आले. पहिल्या गटात अशा ३९ जणी होत्या, तर चौथ्या गटात ८२. काचपट्टीच्या आणि डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतींनी मात्र मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. आणखी एक गोष्ट तज्ज्ञांनाही चकित करणारी ठरली. ज्या बायकांच्या चाचणीत विषाणू आढळला नाही, त्यांच्यातील एकही पुढील आठ वर्षांत या कर्करोगाने मेली नाही. आयुष्यात एकदा केलेली चाचणी आठ वर्षांची इतकी खात्री देते, हे येथील बायकांच्या शरीरावरून सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूचाचणी हीच पहिली पसंती असावी अशी शिफारस केली, तिच्या मागे जे पुरावे आहेत त्यांत या जिल्ह्याचा पुरावा अग्रस्थानी आहे.

अंकगणितात ज्याला त्रैराशिक म्हणतात तेवढेच येथे करून पाहावे. चाचणी न झालेल्या गटाचा मृत्यूदर पहिल्या गटाला लावला असता तेथे ६९ मृत्यू व्हावयास हवे होते. झाले ३४. म्हणजे हजार बायकांची एकदा चाचणी केली की आठ वर्षांत सुमारे एक जीव वाचतो. एका चाचणीला समजा पाचशे रुपये लागतात असे धरले, तर हजार बायकांचे पाच लाख झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानुसार एका कुटुंबाला वर्षाला जे कमाल संरक्षण द्यावयाचे ठरले, ती रक्कमही पाच लाखच आहे. विषाणू आढळलेल्या बायकांची पुढची तपासणी आणि छोटा उपचार यांचा खर्च यात धरलेला नाही. या प्रयोगात दर शंभर बायकांमागे सुमारे दहा जणींत विषाणू आढळला होता, म्हणजे तो खर्च आहेच. पण दुसऱ्या बाजूला वाचलेले किरणोपचार, सोलापूर-मुंबईच्या खेपा, विकलेले बैल आणि सावकाराचे व्याज हेही धरलेले नाही. रोग वाढल्यावर पाच लाखांपर्यंतचे बिल फेडण्यास राज्य तयार आहे. मग तोच पैसा आधी खर्च करून रोगच टाळण्यास ते का कचरते? या कोड्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. बिल फेडताना पैसा रुग्णालयाकडे जातो, त्यामुळे त्या खर्चाला मागणी करणारा संघटित वर्ग आहे. जिला रोगच झाला नाही, अशा बाईच्या वतीने मंत्रालयात फेऱ्या मारणारा कोणी नसतो.

चौथ्या गटाविषयी थांबून बोलले पाहिजे, कारण घाईने पुढे जाण्याजोगी ती गोष्ट नाही. तेथील ६४ मृत्यूंविषयी पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांत तीव्र वाद झाला. तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत कित्येक दशके ठाऊक असताना, तुलनेसाठी हजारो गरीब बायका विनातपासणी ठेवणे न्याय्य होते का, असा टीकाकारांचा प्रश्न होता. संशोधकांचे उत्तर असे, की या जिल्ह्यात त्या वेळी तपासणीची कोणतीच व्यवस्था नव्हती, तेव्हा त्या बायकांकडून काही काढून घेतलेले नाही, आणि या परिस्थितीत कोणती पद्धत चालेल हे कळण्यासाठी तुलना आवश्यक होती. हे उत्तर तर्काला धरून आहे. ते अस्वस्थही करते. 'नेहमीची सेवा' या शब्दांचा अर्थ येथे 'काहीही नाही' असा होतो, आणि ते काहीही नसणे आकाशातून पडलेले नव्हते. निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्यावर पन्नास वर्षे मराठवाड्यातील सार्वजनिक आरोग्यसेवेवर जो खर्च झाला नाही, त्याचाच तो हिशेब होता. संशोधकांना दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु ज्या राजकारणाने 'काहीही नाही' ही अवस्था नेहमीची करून ठेवली, ते कोणत्याच नीतिसमितीपुढे उभे राहिले नाही. प्रयोगाची नैतिक परतफेड एकच होऊ शकली असती. निष्कर्ष हाती येताच जिल्ह्यातील प्रत्येक स्त्रीला ती चाचणी मिळावयास हवी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत, आकडा १.९ टक्के होता. केंद्र सरकारने २०१६ साली ३० वर्षांवरील सर्वांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याच्या सूचना काढल्या होत्या, हे लक्षात घेता कागद आणि खेडे यांतील अंतर मोजता येते. त्या सूचनांत ॲसेटिक आम्लाची पद्धत निवडली होती. ती निराधार नव्हती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख बायकांच्या प्रयोगात तिच्या चार फेऱ्यांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. पण जी पद्धत एकाच फेरीत मृत्यू निम्म्यावर आणते तिचा पुरावा धाराशिवने दिला होता.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार मेल्या.

राज्याने रिकामी ठेवलेली जागा रिकामी राहत नाही, तेथे बाजार येतो. मराठवाड्यात तो कसा आला याची साक्ष बीडने दिली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तरुण वयाच्या स्त्रिया कितीतरी होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, पाळी फार जाते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. तेथे तिला सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. कॅन्सर हा एकच शब्द पुरेसा असतो. फडावर पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, खाडा पडला की मुकादम उचलीतून दंड कापणार. म्हणून बाईही मनाशी हिशेब घालते, की एकदाची पिशवी गेली म्हणजे कटकट गेली. धाराशिव जिल्ह्यातील कोयतेही याच वाटेने कारखान्यांवर जातात, आणि त्यांच्याबाबतीत भीतीचा व्यापार सीमारेषा पाहून थांबत असेल असे मानण्यास आधार नाही. या बायकांची पिशवी काढण्यापूर्वी साधी गर्भाशयमुखाची चाचणी झाली असती, तर बहुतेकींना डॉक्टरांनी सांगावे लागले असते की तुम्हांला काही झालेले नाही, जंतुसंसर्ग आहे, गोळ्या घ्या. एकाच भूप्रदेशात ज्यांना शस्त्रक्रियेची गरज नव्हती त्यांच्यावर ती झाली, आणि ज्यांना खरोखर उपचार हवे होते त्या तपासणीअभावी उशिरा पोचल्या. त्याच शेजारी जगन्मान्य प्रयोग होऊन गेला होता. विषम विकास म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

खुद्द शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील अलीकडचे संशोधनही या भीतीच्या व्यापाराला पोषक नाही. अधिक कापणे, अधिक महागडे यंत्र म्हणजे अधिक चांगला उपचार, ही समजूत एकामागून एक प्रयोगांनी ढासळविली आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात दुर्बिणीने किंवा यंत्रमानवाच्या साह्याने केलेली मोठी शस्त्रक्रिया आणि पोट उघडून केलेली जुनी शस्त्रक्रिया यांची तुलना ६३१ स्त्रियांवर झाली. २०१८ मध्ये निकाल आला. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ९६.५ टक्के होते, तर नव्या चकचकीत पद्धतीत ८६ टक्के. त्याच वर्षी टाटा रुग्णालयाने ६३३ स्त्रियांवरील आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. रोग थोडा पुढे गेलेला असेल तर आधी औषधे देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरणोपचार व औषधे एकत्र देणेच बरे, असे त्यात ठरले. २०२४ साली दोन निकाल आले. कमी धोक्याच्या रुग्णांत आजूबाजूच्या ऊतींसह विस्तृत शस्त्रक्रिया करण्याऐवजी साधी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुरते, हा पहिला. किरणोपचारापूर्वी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही पेटंट संपलेली जुनी औषधे दिली तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर जाते, हा दुसरा. या दुसऱ्या प्रयोगात भारतीय रुग्णही होते.

यांपेक्षाही विलक्षण प्रयोग स्तनाच्या कर्करोगाचा आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीच्या भोवती लिडोकेन टोचले. दाताच्या डॉक्टरांकडे जागा बधिर करण्यासाठी वापरतात तेच हे औषध. सुमारे १,६०० स्त्रियांवरील या प्रयोगात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. औषधाची किंमत एका जेवणाच्या ताटाएवढी. हे संशोधन अन्यत्र पुन्हा पडताळून पाहिले गेले पाहिजे, यात शंका नाही. पण एखाद्या कंपनीच्या नव्या औषधाने एवढा फरक दाखविला असता तर तिचे समभाग एका दिवसात किती चढले असते, याची कल्पना करावी. लिडोकेनचा प्रचार करण्यात कोणाचाच फायदा नाही. जे औषध सर्वांचे असते त्याला बाजारात वाली नसतो, म्हणून ते सार्वजनिक संस्थेतच सापडते आणि सार्वजनिक इच्छाशक्तीनेच पसरते. नेमकी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने दाखविणारा टाटाचा आणखी एक प्रयोग आहे. निवोल्युमॅब हे अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन, तोंड-घशाच्या कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर नेता आले. कमी मात्रा पुरते की नाही, हे तपासण्यात औषध विकणाऱ्याला रस असण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांच्या किमती एकत्र ठरवून घेतल्या तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. सहकाराचे तत्त्व केवळ साखर कारखान्यांसाठी नाही, एवढे यावरून कळावे.

लसीचा इतिहास या साप्ताहिकाच्या वाचकांना थोडा अडचणीचा वाटेल. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात आदिवासी आणि वसतिगृहातील मुलींच्या पालकांची धड संमतीही घेतली गेली नव्हती. डाव्या आणि स्त्रीवादी संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला तो योग्यच होता, आणि २०१३ साली संसदीय समितीनेही त्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. त्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरणाचे सर्व प्रयोग थांबविले. बार्शी आणि पुणे ही केंद्रे असलेला एक वेगळा प्रयोगही त्यात मध्येच थांबला. परिणाम असा झाला की हजारो मुलींना ठरलेल्या मात्रांऐवजी एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसले की एक मात्राही सोळा आणि अठरा क्रमांकाच्या विषाणूंच्या दीर्घ संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेला मान्यता दिली, त्यात या मुलींचा वाटा आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लसीला त्याच वर्षी परवानगी मिळाली. संमतीशिवाय टोचण्याला विरोध आणि लसीला विरोध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुरोगामी वर्तुळांतही त्यांची गल्लत होते, ती आता थांबली पाहिजे. मात्र आज जिचे वय ३५ किंवा ४५ आहे तिला लसीचा फारसा उपयोग नाही. तिच्यासाठी चाचणीच हवी. लसीची छायाचित्रे छापून आली म्हणजे आयांचा प्रश्न सुटला असे होत नाही.

तर मुरुममध्ये काय करता येईल? यंत्राची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. उस्मानाबादच्या प्रयोगात वापरलेली चाचणी परदेशी होती आणि तिला मोठी प्रयोगशाळा लागे. २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसह काही सार्वजनिक संस्थांनी भारतीय बनावटीच्या चाचण्या पारखून घेतल्या. त्यांतील एक गोव्याच्या कंपनीची आहे आणि क्षयाच्या निदानासाठी सरकारी प्रयोगशाळांत आधीच बसविलेल्या ट्रूनॅट यंत्रावर ती चालते. नमुना घेण्याचे काम त्या प्रयोगात या भागातील प्रशिक्षित परिचारिकांनीच केले होते. खेड्यातील बाईला आरोग्याचे शिक्षण देऊन काम सोपविता येते हे मुरुमहून फार दूर नसलेल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या 'भारतवैद्य' बायकांनी दाखवून दिलेले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर याच पट्ट्यात सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन याद्या केल्या होत्या, अनाथ मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभे केले होते. आपत्ती एका रात्रीत कोसळली की कार्यकर्ता धावतो. हीच आपत्ती आठ-दहा वर्षांत एकेका घरात येते तेव्हा ती त्याच्या नजरेस पडत नाही, एवढाच काय तो फरक.

ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. कार्यकर्त्यांनी तेथे विचारावे, की या रुग्णालयाच्या हद्दीत ३० वर्षांवरील स्त्रिया किती आणि त्यांतील किती जणींची तपासणी आजवर झाली. क्षयाचे यंत्र दिवसातून किती तास रिकामे असते. विषाणू आढळलेल्या बाईवरचा थर्मल ॲब्लेशनचा काही मिनिटांचा उपचार येथेच होणार, की तिला चिठ्ठी देऊन धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा सोलापूरला पाठविणार आणि ती वाटेतच गळणार. गेल्या वर्षभरात परिसरातील खाजगी दवाखान्यांत किती पिशव्या काढल्या गेल्या, त्याची नोंद जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आहे का. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांना त्यांची परवानगी सक्तीची केली गेली, मग येथे का नको. आणि शेवटी मजुरीचे विचारावे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बाईला बुडालेल्या दिवसांची भरपाई सरकार कित्येक दशके देत आले आहे. मूल होऊ नये म्हणून आलेल्या बाईचा रोज राज्याने भरून दिला. तीच बाई स्वतः जगावी म्हणून तपासणीला आली, तर त्या दिवसाची तिची मजुरी कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकणार?